मदत पोहोचेपर्यंतचे तास : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांविषयीच्या लेखात रेंजरांच्या बचावकार्याबद्दल एकच परिच्छेद होता, परंतु आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्या एका परिच्छेदासंबंधीच आहेत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : रेंजर म्हणजे पर्यटकांना उद्यानाची माहिती सांगणारा कर्मचारी, अशी माझी समजूत होती. अपघात झाल्यावर तोच धावून जातो, हे वाचून आश्चर्य वाटले. तेथे पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका नसतात का?

आपली समजूत चुकीची नाही, ती अपुरी आहे. यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान 1872 मध्ये स्थापन झाले आणि सर्व उद्यानांचा कारभार पाहणारी राष्ट्रीय उद्यान सेवा 1916 मध्ये अस्तित्वात आली. तेव्हापासून रेंजर या एकाच नावाखाली वेगवेगळी कामे करणारी माणसे एकत्र आली आहेत. निसर्ग आणि इतिहास समजावून सांगणारे रेंजर वेगळे असतात, आणि कायद्याची अंमलबजावणी करणारे, शस्त्र बाळगण्याचा अधिकार असलेले रेंजर वेगळे असतात. शोध आणि बचाव, प्राथमिक वैद्यकीय उपचार व कित्येकदा आग विझविण्याचे कामही प्रामुख्याने दुसऱ्या गटाकडे असते. यलोस्टोनचे क्षेत्रफळ सुमारे 9,000 चौरस किलोमीटर आहे. एवढ्या प्रदेशात, जेथे मोठे रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असते, तेथे ज्याने वाहतुकीचा गुन्हा नोंदवायचा त्यालाच उलटलेल्या मोटारीतील जखमीचा रक्तस्राव थांबवावा लागतो.

काही उद्यानांत तर खास कौशल्याची पथके उभी राहिली आहेत. योसेमिटीच्या बचाव पथकाला तेथील तळावर राहणाऱ्या कसलेल्या प्रस्तरारोहकांची साथ असते, कारण सुमारे 900 मीटर उंचीच्या एल कॅपिटन या कड्यावर मध्येच अडकलेल्या माणसापर्यंत जाणे हे केवळ प्रशिक्षणाने साधण्यासारखे काम नाही. अलास्कातील 6,190 मीटर उंचीच्या देनाली शिखरावर गिर्यारोहणाच्या हंगामात सुमारे 4,300 मीटरवरील तळावर रेंजर आणि स्वयंसेवक आळीपाळीने मुक्कामाला असतात. हिमदंश झालेल्या किंवा विरळ हवेमुळे फुप्फुसांत पाणी साचलेल्या आरोहकाला खालून मदत मागवावी लागू नये, म्हणून मदत आधीच वर नेऊन ठेवलेली असते. बचावकार्यातील मुख्य अडचण अंतराची असते आणि ते अंतर किलोमीटरपेक्षा तासांत मोजावे लागते. पुढील बहुतेक उत्तरांचा धागा हाच आहे.

प्रश्न : उद्यानात सर्वाधिक बळी अस्वलांच्या हल्ल्यात जात असतील ना?

नाही. अपघाती मृत्यूंची प्रमुख कारणे तीन आहेत : मोटार अपघात, बुडणे आणि उंचावरून पडणे. अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू होतो, पण तो अगदी क्वचित. यलोस्टोनमध्ये तर माणसांना सर्वाधिक वेळा जखमी करणारा प्राणी बायसन हा आहे. शांतपणे चरणारा हा गवा माणसाच्या सुमारे तिप्पट वेगाने धावू शकतो, हे त्याच्याजवळ उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याला ठाऊक नसते. अस्वले आणि लांडगे यांच्यापासून निदान 91 मीटर, तर बायसन आणि एल्क (मोठ्या आकाराचे हरीण) यांच्यापासून निदान 23 मीटर दूर राहावे, असा तेथील नियम आहे.

यलोस्टोनमधील आणखी एका धोक्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. तेथील उष्ण झऱ्यांत पडून भाजल्यामुळे आजवर 20 हून अधिक माणसे मरण पावली आहेत. झऱ्यांभोवतीची जमीन वरून कोरडी आणि घट्ट दिसते, पण पुष्कळ ठिकाणी तो खनिजांचा पातळ पापुद्रा असतो आणि त्याखाली उकळते पाणी असते. लाकडी मार्गिका सोडून एक पाऊल बाहेर टाकू नये, हा नियम त्यासाठीच आहे. 1981 मध्ये एका तरुणाने पाण्यात पडलेल्या कुत्र्याला वाचविण्यासाठी सुमारे 94 अंश सेल्सिअस तापमानाच्या झऱ्यात उडी घेतली. त्याला बाहेर काढताना त्याच्या मित्राचेही पाय भाजले. तरुण दुसऱ्या दिवशी मरण पावला. 2016 मध्ये नॉरिस या भागात मार्गिका सोडून गेलेला एक तरुण झऱ्यात पडला. रेंजर पोहोचले तेव्हा तो मरण पावला होता. वादळामुळे त्यांना त्या दिवशी काम थांबवावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्या आम्लयुक्त, उकळत्या पाण्यात देह उरलेला नव्हता. या अपघातात रेंजरच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून मी त्याला इतर सर्व अपघातांपेक्षा वेगळा मानतो.

प्रश्न : ग्रँड कॅन्यनमध्ये उन्हाने कोसळलेल्या पर्यटकांना वाचवावे लागते, असे आपण लिहिले होते. तेथे हेलिकॉप्टर असताना माणसे का दगावतात?

या प्रश्नाचे उत्तर लांबणार आहे, कारण बचावकार्याच्या जवळजवळ सर्व अडचणी या एका दरीत एकत्र आलेल्या आहेत.

डोंगरावर जाणारा माणूस आधी चढतो, दमतो आणि परत फिरतो. दरीत उतरणाऱ्याचे उलटे होते. सकाळच्या गारव्यात, ताज्या दमाने तो उतरत राहतो आणि कठीण भाग परतीसाठी, दुपारच्या उन्हासाठी, शिल्लक राहतो. कड्यापासून नदीपर्यंतची उभी खोली सुमारे दीड किलोमीटर आहे. जसजसे खाली जावे तसतसे तापमान वाढत जाते आणि उन्हाळ्यात तळाशी ते सावलीतही 40 अंशांच्या पुढे जाते. दरीच्या खडकाळ भिंती दिवसभर तापतात आणि सूर्य कलल्यानंतरही उष्णता सोडत राहतात. धडधाकट, नियमित व्यायाम करणारा तरुण माणूसही येथे कोसळतो, किंबहुना आपल्या ताकदीवरचा भरवसा त्याला अधिक खाली नेतो.

अशा वेळी निरोप मिळाला तरी तो बहुधा दुसरा कोणीतरी पायी वर येऊन किंवा वाटेवरील आपत्कालीन दूरध्वनीपर्यंत चालत जाऊन देतो, म्हणजे पहिले काही तास तेथेच गेलेले असतात. हेलिकॉप्टरचे म्हणाल तर तापलेली हवा विरळ होते आणि विरळ हवेत त्याच्या पात्यांना पुरेशी उचल मिळत नाही. ज्या दुपारी हेलिकॉप्टरची सर्वाधिक गरज असते, त्याच दुपारी त्याची वजन उचलण्याची शक्ती सर्वांत कमी असते. त्यात अरुंद दरीतील उलटसुलट वारे, उतरण्यासाठी सपाट जागेचा अभाव आणि अंधार यांची भर पडते. म्हणून पुष्कळदा रेंजर पाठीवर औषधे, सलाइन आणि पाणी घेऊन पायीच निघतो. ब्राइट एंजल या वाटेवर साधारण सात किलोमीटर खाली हवासुपाई गार्डन्स येथे रेंजरांचे ठाणे आहे. त्याचा उपयोग आता वाचकांच्या लक्षात येईल.

तेथे पोहोचल्यावर पहिला निर्णय फार नाजूक असतो. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेले बोलणे आणि नंतर झटके अशी लक्षणे उष्माघातात दिसतात, पण शरीरातील मीठ घामावाटे गेल्यानंतर केवळ पाणीच पीत राहिल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते तेव्हाही नेमकी हीच लक्षणे दिसतात. पहिल्या रुग्णाचे शरीर त्वरित थंड करणे हाच उपचार असतो : सावली, अंगावर सतत पाणी, वारा घालणे. दुसऱ्याला आणखी पाणी पाजले तर त्याच्या मेंदूला सूज येऊन तो मरू शकतो. त्यामुळे रेंजर आधी विचारतो की माणसाने किती पाणी प्यायले, सोबत काय खाल्ले, लघवी कितीदा झाली. तेथील वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेल्या रेंजरांनी रक्तातील सोडियम जागेवरच मोजणारे, हातात मावणारे यंत्रही वापरलेले आहे. भरपूर पाणी प्या, एवढाच सल्ला आपण सर्वांना देत असतो. तो अर्धवट आहे आणि त्याला खारट खाण्याची जोड हवी, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हेलिकॉप्टर आलेच नाही तर स्ट्रेचर उचलावे लागते. त्याला खाली एक चाक जोडलेले असले तरी एका वेळी निदान सहा माणसे लागतात, आणि चढाच्या अरुंद वाटेवर ती लवकर थकत असल्याने बदली माणसे सोबत ठेवावी लागतात. एका मोडलेल्या घोट्यासाठी वीस माणसांचा अख्खा दिवस जाऊ शकतो.

1996 च्या उन्हाळ्यात तेथे उष्णतेने अनेक बळी घेतल्यानंतर 1997 पासून उद्यानाने अपघातपूर्व बचावाचा उपक्रम सुरू केला. रेंजर आणि स्वयंसेवक वाटेच्या वरच्या टप्प्यांवर उभे राहतात आणि उतरणाऱ्यांना विचारतात : कोठपर्यंत जाणार, पाणी किती आहे, खायला काय आहे, परत केव्हा निघणार? सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत उन्हात चढू नका, असे ते सांगतात. कोणाला बळजबरीने परत पाठविले जात नाही. असे असूनही तेथे वर्षाला साधारण 250 जणांना मदत करावी लागते, हे खरे आहे, परंतु त्या वाटेवर बोलून परत फिरविलेल्या माणसांची गणती कोणत्याही तक्त्यात येत नाही. माझ्या मते रेंजरांनी केलेले सर्वांत मोलाचे बचावकार्य तेच आहे.

प्रश्न : एवढ्या मोठ्या अरण्यात हरवलेल्या माणसाला शोधायला सुरुवात कोठून करतात?

तो शेवटचा जेथे निश्चितपणे दिसला होता, त्या बिंदूपासून. तो बिंदू नकाशावर ठेवून त्याभोवती वर्तुळे आखली जातात, आणि वय, प्रकृती, अनुभव, सोबतचे सामान व हवामान यांवरून तो किती दूर आणि कोणीकडे गेला असेल याचा अंदाज बांधला जातो. सुरुवातीलाच लहान, चपळ तुकड्या सर्वाधिक संभाव्य वाटांवर पाठविल्या जातात. त्याच वेळी काही जणांना वाटांच्या फाट्यांवर आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागी बसवून ठेवतात, जेणेकरून हरवलेला माणूस त्या परिघाबाहेर निघून जाणार नाही आणि शोधाचे क्षेत्र तासागणिक फुगत जाणार नाही. नुसते बसून राहण्याचे हे काम बाहेरून निष्क्रिय वाटते, पण ते चुकले तर पुढचे सर्व शोधणे व्यर्थ ठरते.

नंतर प्रदेशाचे तुकडे पाडून अनुभवी रेंजर प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे संभाव्यतेचे गुण देतात. एखादा तुकडा शोधून झाला की त्याची संभाव्यता कमी होते, पण ती शून्य कधीच धरली जात नाही. याचे कारण एका दुःखद घटनेतून समजेल. कॅलिफोर्नियातील किंग्ज कॅन्यन उद्यानाच्या दुर्गम भागात अनेक हंगाम काम केलेला आणि तेथील वाट न वाट माहीत असलेला एक रेंजर 1996 च्या जुलैमध्ये गस्तीवर असताना नाहीसा झाला. त्याच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टर आणि श्वानांसह मोठा शोध घेतला. त्याचे अवशेष पाच वर्षांनी, 2001 मध्ये, एका ओढ्याच्या घळीत सापडले. शोधणारे त्या खोऱ्यातही गेले होते.

मुले हरवली तर आणखी एक अडचण येते. अनोळखी माणसे मोठमोठ्याने हाका मारत येताना पाहून लहान मूल घाबरून लपून बसते. म्हणून मुलांना आधीच शिकवावे की वाट चुकल्यावर एका झाडापाशी थांबावे आणि हाक ऐकू आली की ओ द्यावी, त्यासाठी कोणीही रागावणार नाही. प्रौढांनाही हेच लागू आहे. चालत राहणारा माणूस शोधलेल्या भागात पुन्हा शिरतो आणि शोधणाऱ्यांची सगळी आकडेमोड मोडतो. निघण्यापूर्वी घरी कोणाकडे तरी वाट, परतीची वेळ आणि बुटांच्या तळव्याचे छायाचित्र ठेवून गेल्यास शोधाचे कित्येक तास वाचतात.

प्रश्न : उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे उपकरण जवळ असल्यास काळजीचे कारण उरत नाही ना?

ते उपकरण जवळ असावे, यात शंका नाही. त्यामुळे निरोप पोहोचण्यात जाणारे तास वाचतात. निरोपानंतरचे तास मात्र तेवढेच राहतात. शिवाय उपकरण हाती असल्याने माणूस एरवी घेतला नसता असा धोका पत्करतो. 2009 मध्ये ग्रँड कॅन्यनमधील एका गटाने तीन वेळा आपत्कालीन कळ दाबली. त्यातील एकदा तक्रार एवढीच होती की सापडलेले पाणी चवीला खारट लागले. प्रत्येक वेळी वैमानिक आणि रेंजर यांनी आपला जीव धोक्यात घालून उड्डाण केले होते.

डेथ व्हॅली या वाळवंटी उद्यानात 1913 साली 56.7 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. तेथील रेंजरांना दिशादर्शक यंत्राने दाखविलेल्या, पण प्रत्यक्षात वापरात नसलेल्या रस्त्यांवर गेलेल्या मोटारी शोधाव्या लागतात. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालू लागू नये. हवेतून किंवा रस्त्यावरून गाडी दिसते, झुडपाआड पडलेला माणूस दिसत नाही.

प्रश्न : सुटकेचा खर्च कोण देतो?

राष्ट्रीय उद्यान सेवा शोध आणि बचावाचा खर्च सुटका झालेल्या माणसाकडून घेत नाही. बाहेरील खासगी हवाई रुग्णवाहिकेने रुग्णालयात नेले तर त्याचे बिल मात्र रुग्णाला येते आणि ते मोठे असू शकते. बचावाचे पैसे घ्यावेत, असे अनेकांचे मत आहे. मला ते पटत नाही, कारण बिलाच्या भीतीने माणूस कळवायला उशीर करतो आणि दुपारी सोपी असणारी सुटका रात्रीच्या अंधारात करावी लागते.

प्रश्न : वीज पडलेल्या माणसाला हात लावल्यास शॉक बसतो का? एकाच वेळी अनेकांवर वीज पडली तर रेंजर कोणाकडे आधी पाहतात?

हात लावण्यास धोका नाही, विजेचा भार शरीरात साठून राहत नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमीच्या नियमाच्या उलट आहे. एरवी अनेक जखमी असताना, ज्याचा श्वास थांबला आहे त्याच्यावर वेळ न घालवता वाचू शकणाऱ्यांकडे वळावे लागते. विजेच्या बाबतीत मात्र जे हालचाल करीत आहेत ते बहुधा वाचतात, आणि ज्याचा श्वास थांबला आहे त्याचे हृदय अनेकदा पुन्हा सुरू झालेले असते, पण श्वास सुरू व्हायला वेळ लागतो. म्हणून त्यालाच आधी कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब द्यावा.

21 जुलै 2010 रोजी ग्रँड टेटन शिखरावर तीन गटांतील 17 आरोहक विजेच्या तडाख्यात सापडले. एकाचा मृत्यू झाला. उरलेल्या 16 जणांना तेथील रेंजरांनी त्याच दिवशी खाली आणले, आणि तेही वादळाच्या लाटांमधील उघडीप साधत. त्यांतील अनेकांना हेलिकॉप्टरखाली लोंबणाऱ्या दोराला बांधून नेण्यात आले. या पद्धतीत दोर वर ओढला जात नाही, माणूस उड्डाणभर अधांतरीच राहतो. हेलिकॉप्टरला ज्या कड्यावर टेकणे अशक्य असते तेथे हाच मार्ग उरतो.

प्रश्न : बचाव करताना रेंजरच मरण पावल्याच्या घटना आहेत का? आणि "जाऊ नका" असा निर्णय ते घेऊ शकतात का?

दोन्हींचे उत्तर होय असे आहे. निघण्यापूर्वी पथकातील प्रत्येक जण हवामान, जागा, पथकाची तयारी, थकवा, कामाची गुंतागुंत अशा बाबींना धोक्याचे गुण देतो, आणि त्यांच्या बेरजेवरून कामाला हिरवा, पिवळा किंवा लाल असा वर्ग मिळतो. महत्त्व बेरजेला फारसे नाही. सर्वांत नवख्या माणसाने एखाद्या बाबीला 9 गुण दिले आणि प्रमुखाने 3, तर दोघांना आपली कारणे सर्वांसमोर सांगावी लागतात. मोहिमेच्या घाईत गप्प बसणारा माणूस त्यामुळे बोलता होतो. कधी कधी उत्तर लाल येते आणि पथक पहाटेपर्यंत थांबते, वर कोणीतरी थंडीत कुडकुडत आहे हे ठाऊक असतानाही. अशी रात्र काढलेल्यांच्या मनावर तिचा भार राहतो, आणि म्हणून मोठ्या घटनेनंतर त्यांच्याशी बोलण्यासाठी प्रशिक्षित सहकारी पाठविण्याची व्यवस्था अलीकडे केली जाते. पूर्वी हा भार ज्याचा त्यानेच वाहायचा असे.

धोका मोजला म्हणून तो नाहीसा होत नाही. वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर या बर्फाच्छादित पर्वतावर 1995 च्या ऑगस्टमध्ये घोटा मोडलेल्या एका आरोहकाकडे निघालेला रेंजर आणि त्याच्यासोबतचा स्वयंसेवक, असे दोघेही वाटेत कोसळून मरण पावले. त्याच पर्वतावर 21 जून 2012 रोजी चार आरोहकांचा गट उतरताना घसरला आणि त्यांतील दोघे हिमभेगेत पडले. एक आरोहण रेंजर त्यांच्यापर्यंत पोहोचला आणि हेलिकॉप्टरने नेण्यासाठी त्यांची तयारी करीत असतानाच तो घसरून 700 मीटरहून अधिक खाली गेला. त्याचे सहकारी काम सोडून खाली धावले नाहीत. त्या संध्याकाळी तीन आरोहकांना हेलिकॉप्टरने नेण्यात आले. वारे वाढल्यामुळे चौथ्याला नेता आले नाही, तेव्हा रेंजर रात्रभर त्याच्यासोबत वर थांबले आणि दुसऱ्या दिवशी त्याला खाली घेऊन आले. आपल्या सहकाऱ्याचा देह आणण्यासाठी हवामान निवळेपर्यंत त्यांना आणखी कित्येक दिवस वाट पाहावी लागली.